चालेल असं दिसतं, देऊ नये

कारखान्याच्या दवाखान्यात मी रुजू झालो त्या दिवशी जिन्यात मटणाच्या रश्श्याचा वास भरून राहिला होता. मला वाटलं, नव्या डॉक्टरसाठी बेत केलेला दिसतोय. भूकही सपाटून लागली होती. वर जाऊन पाहतो तर एक उंच, किडकिडीत माणूस स्टोव्हवरच्या प्रेशर कुकरसमोर उकिडवा बसलेला. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मान न वळवता तो म्हणाला, "हे जंतूंसाठी हाय डाक्टर. तुमच्या डब्याचं खाली बघा."

हे आमचे मास्तर. पूर्वी उमरग्याला एका शाळेत विज्ञान शिकवायचे म्हणून मास्तर. कागदोपत्री त्यांचा हुद्दा 'प्रयोगशाळा सहायक' असा होता, पण त्यांनी ज्याला साहाय्य करावं असा वर दुसरा कुणीच नव्हता. लोहाऱ्याच्या बाजूचा तो सहकारी साखर कारखाना, त्याचा दहा खाटांचा दवाखाना, खाली मी एकटा डॉक्टर आणि वर हे. काम म्हणजे रक्त, लघवी, थुंकी तपासणं. बाकीचा उद्योग त्यांनी आपण होऊन अंगावर ओढून घेतलेला होता. जखमेतला पू काडीवर घ्यायचा, त्यातले जंतू काचेच्या बशीत वाढवायचे आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते बघायचं. आमच्या भागात तेव्हा हे कुणी करत नसे, आणि मास्तरांना ते करायला कुणी सांगितलंही नव्हतं.

सामान सगळं घरगुती. रस्सा खाटकाकडून आणलेल्या मटणाचा, तो थिजवायला किराणा दुकानातला चायना ग्रास. औषधाच्या टिकल्या त्यांनी स्वतः केलेल्या: कचेरीतल्या पंचिंग मशीननं टिपकागदाला भोकं पाडायची, पडलेले गोल तुकडे जमवायचे आणि औषधात भिजवून वाळवायचे. जंतूंना ऊब लागते म्हणून एका लाकडी पेटीत चाळीसचा बल्ब लावलेला होता. वीज गेली, आणि ती रोज जायचीच, की मास्तर त्या बशा पत्र्याच्या डब्यात घालून डबा धोतराच्या फडक्यानं पोटाशी बांधत आणि वरून सदरा चढवत. मग तशाच अवस्थेत बाजारात जात, चहा पीत, लोकांशी वाद घालत. एकदा एसटीत कंडक्टरला शंका आली की म्हातारा दारू नेतोय. डबा उघडायला लावला. आतले पिवळे ठिपके बघून आणि ते काय आहेत हे ऐकून त्यानं मास्तरांना सगळ्यात मागच्या बाकावर एकट्याला बसवलं. तेव्हापासून त्या गाडीत त्यांना कायम ऐसपैस जागा मिळायची, याचा त्यांना फार आनंद होता.

ऐंशीच्या पुढची ती कोरडी सालं. टँकर आला तर घराला दोन हंडे. मास्तर त्यातला आपला अंघोळीचा वाटा दवाखान्यात आणायचे आणि बशा धुवायचे. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, एकदा माझ्यासमोरच कडाडल्या, "मानसानं पारोसं ऱ्हावं आन् जंतूंनी आंगुळ करावी, असलं घर हाय आमचं!" मास्तर शांतपणे म्हणाले, "आंघोळ जंतूंची न्हाय, बशांची." वहिनींनी कपाळाला हात लावला.

त्यांच्या घरानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला होता. प्रयोगशाळेत त्यांचा एक माठ असे आणि त्यातलं पाणी दवाखान्यातलं कुणी पीत नसे. शिपाईसुद्धा तहान लागली की जिना उतरून खाली यायचा. मास्तर हे सगळं बघत असत. एकदा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या माठातलं पाणी उकळल्यालं हाय. खालच्या माठात कोण कोण ऱ्हातंय त्यांची नावं सांगू का?" कुणी हसलं नाही. मी त्यांच्या माठातलं पाणी प्यायलो, आणि आपण फार मोठं काही केलं असं पुढं कित्येक दिवस मनात मिरवत राहिलो. आज ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

दर दोन महिन्यांनी मास्तर रजा काढून हैदराबादला जात. उमरग्याहून हमरस्त्यानं सरळ गाडी होती. तिथं एका मोठ्या ग्रंथालयात त्यांच्या ओळखीचा कुणी होता, तो त्यांना परदेशी नियतकालिकं वाचू देई. हे दिवसभर बसून वहीत उतरवून घ्यायचे. परत आले की माझी सुटका नसे. मी जेवत असलो तरी समोर बसून सांगत राहायचे. मी मान हलवत आमटी ओरपायचो.

अशाच एका खेपेनंतर ते माझ्या ड्रेसिंगच्या खोलीत घुसले आणि बँडेजचा रोल उचलून वीतभर लांबी कापली. बँडेज वाया गेलं म्हणून मी ओरडलो.

"गप बसा जरा," ते म्हणाले. "एरिथ्रोमायसिनपास्नं वाचायची युक्ती काही जंतूंकडं हाय. पण ती कायम चालू ठेवणं त्याला परवडत न्हाय. शत्रू नसताना चिलखत घालून कोण हिंडंल? मग तो काय करतो? जनुकावरनं नक्कल उतरवून घेतो, तिला आरएनए म्हणत्यात. निरोपच तो. पण निरोप घडी घालून ठेवतो."

त्यांनी त्या पट्टीवर सुरुवातीला शाईनं दोन-चार शब्द खरडले, पुढं 'चिलखत करा' असं लिहिलं, आणि पट्टी अशी दुमडून टाचणी लावली की 'चिलखत करा' घडीच्या आत गेलं. मग माझं बोट धरून पट्टीच्या टोकावर ठेवलं.

"हे तुमचं बोट म्हंजे वाचणारं यंत्र. वाचा. पहिली ओळ वाचली, संपली, यंत्र गळून पडलं. पुढचा हुकूम घडीत हाय, तो कुणाला दिसतच न्हाय. आता थोडं एरिथ्रोमायसिन आलं. ते ह्या यंत्रात जाऊन बसतं, आन् यंत्र पहिल्याच ओळीत अडकतं. अडकल्यालं यंत्र जागा अडवून बसलं की घडी टिकत न्हाय." त्यांनी टाचणी काढली. पट्टी सैल पडून उघडली आणि 'चिलखत करा' वर आलं. "आता दुसरं यंत्र येतं आन् हुकूम वाचतं."

मी जरा शहाणपणानं विचारलं, "दुसऱ्या यंत्रातही औषध जाऊन बसलं तर?"

मास्तरांचा चेहरा उजळला. चार वर्षांत त्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिल्याचं मला आठवतं ते तेवढंच. "व्हय! भरपूर औषध एकदम आलं तर सगळीच यंत्रं बंद, वाचायला कोण उरत न्हाय. थोडं आलं तर काही अडकत्यात, काही मोकळी ऱ्हात्यात. म्हंजे थोडं औषध द्यायचं ते कसं, तर आपण येणार म्हणून जंतूला आधी तार करायची."

मग मला वर नेऊन त्यांनी एक बशी दाखवली. त्यात एरिथ्रोमायसिनच्या टिकलीभोवती जंतू बिनधास्त वाढले होते. शेजारी लिंकोमायसिनची टिकली. तिच्याभोवती कोरं वर्तुळ होतं, म्हणजे त्या औषधानं जंतू मरत होते. पण एरिथ्रोमायसिनकडची त्या वर्तुळाची बाजू सपाट होती, चंद्र एका बाजूनं कापावा तशी.

"लिंकोमायसिननं घडी उघडत न्हाय, म्हणून त्यात हा मरतो," मास्तर म्हणाले. "पण एरिथ्रोमायसिनची चाहूल लागली की चिलखत करतो, आन् ते चिलखत दोन्ही औषधांना चालतं. तुमी नुसती लिंकोमायसिनची टिकली ठेवली असती तर वर्तुळ गोल दिसलं असतं आन् तुमी खूश झाला असता. पण लाखात एखाद्या जंतूची घडीच मोडकी निघते. त्याचा हुकूम कायम उघडा. सुई दिली की बाकीचे मरत्यात, आन् त्याला रान मोकळं होतं."

ते माझ्या डोक्यावरून गेलं नव्हतं. मला नीट समजलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं मी स्वतःला बरेच दिवस उलट सांगत आलो.

त्याच उन्हाळ्यात इंदूबाई आली. जळकोटच्या बाजूला एका मजूर सहकारी संस्थेनं विहिरी खोल करायचं काम घेतलं होतं. त्यात ती दगड वाहायची. वरून पाटी सुटून नडगीवर पडली होती. जखम वरवर भरली आणि आत सडत गेली. जंतूंनी हाड धरलं होतं. पेनिसिलिनची चाचणी घेतली तेव्हा तिच्या अंगभर गांधी उठल्या आणि धाप लागली, म्हणून पहिल्या खेपेला मी तिला एरिथ्रोमायसिन दिलं होतं. दिवसाला चार, दहा दिवसांच्या चाळीस गोळ्या. संस्थेचा चिटणीस येऊन सगळ्यांची औषधं घेऊन जाई, त्याच्याकडेच मी बाटली दिली होती. मग जखम बरी का झाली नाही, ते मला कळेना.

"गोळ्या घेतल्या का सगळ्या?"

"घेतली की," ती म्हणाली. "माझ्या वाट्याची."

"वाट्याची म्हणजे?"

तिनं माझ्याकडे अडाणी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "सोसायटीचा माल हाय न्हवं? समद्यांत वाटून घेत्यात. सदतीस सभासद हाईत. मला एकटीलाच चाळीस दिल्या तर कसं दिसंल ते? उरल्याल्या तीन मुकादमाला, त्येची दाढ ठणकत हुती."

असं वर्षभर चाललं होतं. मी ज्याच्या त्याच्या नावानं पुरतं औषध देत होतो आणि ती माणसं प्रत्येक बाटली काटेकोर समान वाटून घेत होती, प्रत्येकी एक, कुणावर अन्याय नको म्हणून. त्या कामावर ज्याला ज्याला खरचटलं त्या प्रत्येकाच्या अंगावरच्या जंतूंना आमचं औषध महिन्या-दोन महिन्यांनी चाखायला मिळत होतं. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसलेच. मग म्हणाले, "इतका सहकार कारखान्यात बी न्हाय."

इंदूबाईच्या पायाचा पू घ्यायला ते रोज स्वतः खाली येत. आपल्या बशीत काय चाललंय हे बघायचंय असं म्हणणारा एकच पेशंट त्यांना आयुष्यात भेटला, तो ही बाई. त्यांनी तिसऱ्या दिवशी बशी खाली आणून तिला दाखवली. ती निरखून म्हणाली, "भाकरीची कड कुनीतरी मोडून खाल्ल्यावानी दिसतंय."

"तेच की," मास्तर म्हणाले. "मोडल्याली हाय तीच वाईट हाय."

"पाय ऱ्हाईल का मास्तर? पाय गेला तर कामावर कोन घेनार? दोन लेकरं हाईत."

मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि ते वर निघून गेले. संध्याकाळी अहवालाची चिठ्ठी आली. एरिथ्रोमायसिनसमोर 'चालत नाही'. लिंकोमायसिनसमोर त्यांच्या वळणदार अक्षरात 'चालेल असं दिसतं, देऊ नये. आजच सोलापूरला हलवावं.' खाली दोनदा रेघ मारलेली होती.

माझं डोकं तडकलं. कोणतं औषध द्यावं हे मला प्रयोगशाळा सहायकानं सांगायचं? कपाटात लिंकोमायसिनच्या सुया होत्या. सोलापूरला हलवायचं तर जीप हवी, जीपसाठी संचालकांची परवानगी हवी, त्यासाठी केस हाताबाहेर गेल्याची कबुली हवी. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण असं की तो माणूस बरोबर असावा हे मला सहन होत नव्हतं. तोच निरोप एखाद्या सोलापूरच्या बड्या डॉक्टरानं चिठ्ठीवर पाठवला असता तर मी जीप स्वतः ढकलत नेली असती. मास्तर कोण होते, कुठल्या वस्तीतले होते, हे माझ्या मनात नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी लिंकोमायसिन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी इंदूबाई उठून बसली, जेवली, नवऱ्याला म्हणाली की ठणका गेला. मी शिपायाला मुद्दाम वर पाठवलं, "मास्तरांना सांग, बाई जेवली." मास्तरांनी उलट निरोप धाडला, "आज बी हलवता येईल." मी तो हसण्यावारी नेला.

पाचव्या दिवशी ताप पुन्हा चढला. सातव्या दिवशी मांडीपर्यंत सूज. मास्तरांनी नवी बशी आणून माझ्या टेबलावर ठेवली. त्यात लिंकोमायसिनच्या टिकलीला भिडून जंतू वाढले होते, वर्तुळ औषधालासुद्धा उरलं नव्हतं. त्या दिवशी मी जीप मागितली. सोलापुरात तिचा पाय मांडीतून कापला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तिच्या नवऱ्यानं दवाखान्यात येऊन ते सांगितलं. पुढचा पेशंट दारात उभा होता, मी त्याची जीभ बघितली.

मजूर संस्थेनं तक्रार केली. गोळ्या वाटणारा तोच चिटणीस तक्रार घेऊन आला होता. कारखान्याचे तीन संचालक चौकशीला बसले. फायलीतली ती चिठ्ठी त्यांच्या हातात पडली. एका संचालकांनी ती मोठ्यानं वाचली आणि मला विचारलं, "हे तुम्हाला कधी मिळालं डाक्टर?"

मी तोंड उघडायच्या आत मास्तर बोलले. "त्यांना मिळालंच न्हाय. मी लिहून ठिवलं आन् फायलीला लावायचं राहून गेलं. बाई गेल्यावर लावलं."

"आन् तुम्ही डाक्टर हाय का, हे देऊ नका ते देऊ नका लिहायला?"

"न्हाय."

"मग?"

मास्तरांनी चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली काडी सारखी केली. मी गप्प राहिलो. एका वाक्याचं काम होतं, 'चिठ्ठी मला त्याच संध्याकाळी मिळाली होती.' ते वाक्य मी तेव्हापासून हजार वेळा म्हटलं आहे, पण त्या खोलीत नाही. हलगर्जीपणा आणि अधिकाराबाहेरचं वर्तन असा ठपका ठेवून त्यांनी मास्तरांना महिनाअखेर काढून टाकलं. प्रयोगशाळेची जागा खताच्या पोत्यांना दिली.

जिन्यात मी त्यांना गाठलं. हात जोडले की काय केलं ते आठवत नाही. विचारलं, "का केलंत असं?"

ते कुकर पोत्यात भरत होते. "लॅबविना दवाखाने समद्या जिल्ह्यात चालत्यात. डाक्टरविना चालत न्हाईत. तुमाला काढलं असतं तर ह्या दुष्काळात दुसरा यायला वरीस लागलं असतं. तवर लेकरं हगवणीनं मेली असती." पोत्याचं तोंड बांधून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं. "माफ केलं असं समजू नका. माफ मी केलं न्हाय. माफ करायचं व्हतं ते तिनं, आन् ती तर गेली."

नंतर ते कुठं गेले ते कळलं नाही. कुणी म्हणे हैदराबादला मुलीकडे, कुणी म्हणे गुलबर्ग्याकडे. मी शोध घेतला असता तर लागला असता. घेतला नाही.

दिवाळीच्या सुमारास इंदूबाईचा नवरा आला. मानेवर लिंबाएवढं गळू होतं, धाकटं लेकरू कडेवर. तो बाकावर बसला आणि जिन्याकडे बघत म्हणाला, "वरचे मास्तर दिसंनात?"

"बदली झाली त्यांची."

आमच्या दवाखान्याला दुसरी शाखाच नव्हती, हे त्याला माहीत होतं. पण त्यानं विचारलं नाही. मी गळू फोडलं, पू काढला. पू काडीवर घेतला होता, तो सवयीनं. मग ती काडी कुठं द्यायची ते सुचेना आणि मी ती डब्यात टाकली. तो सदऱ्याची बाही वर करून थांबला होता.

"डाक्टर, तीच सुई द्या," तो म्हणाला. "तिला दिली व्हती ती. पहिले तीन दिस लई बरं वाटलं तिला. दोन घास खाल्ले, लेकरांसंगं बोलली. त्येवढे दिस तुमच्यामुळं मिळाले."

मी सुई भरली आणि दिली. तो बरा झाला, आणि मी तो दवाखाना सोडेपर्यंत दर दिवाळीला लेकरांना माझ्या पायावर घालायला आणत राहिला.